नीम: आरेनापेक्षा हौद भारी

फ्रान्समध्ये लियॉनहून दक्षिणेला जायचं म्हटलं की सगळे आव्हिन्यों नाहीतर मार्सेय करतात, आम्ही नीमला गेलो, कारण एकच, त्या वीकेंडला तिकडचं तिकीट सगळ्यात स्वस्त होतं. टीजीव्हीने, म्हणजे इथल्या वेगवान रेल्वेने, दीड तासाच्या आत पोचवलं. जुनं स्टेशन अगदी गावात आहे, बाहेर पडलं की समोर झाडांचा सरळसोट रस्ता आणि तो संपला की थेट आरेना, म्हणजे रोमन काळातलं गोल खुलं प्रेक्षागृह. (तिकीट काढताना स्टेशनचं नाव नीट बघा, टीजीव्हीसाठी बांधलेलं नवीन स्टेशन गावाबाहेर आहे.)

आरेना भारीच आहे, वाद नाही. 24 हजार माणसं बसायची, मधल्या काळात लोकांनी आत घरंच बांधली, 18व्या शतकात जवळपास 700 लोक आत राहत होते, मग त्यांना हलवून सगळं मोकळं केलं. आता तिथे कॉन्सर्ट होतात आणि माणूस विरुद्ध बैल अशा झुंजीपण होतात, अजूनही, बैल मारेपर्यंत. ऑडिओ गाइड ते इतक्या कौतुकाने सांगत होता की मी हेडफोन काढून ठेवले. नवरा मात्र पार वरच्या पायरीपर्यंत जाऊन आला.

नंतर मेझों कारे. हे देऊळ आता युनेस्कोच्या यादीत आहे, 2023 पासून, त्यामुळे फोटोला रांग. मला आवडली ती एकच गोष्ट. कपाळावरची ब्रॉंझची अक्षरं कधीच गळून गेलीत, पण ती बसवायला मारलेल्या खिळ्यांची भोकं राहिली आणि 1758 मध्ये सेग्वियेर नावाच्या माणसाने नुसत्या त्या भोकांवरून अख्खा लेख लावला, देऊळ ऑगस्टसच्या दोन नातवांच्या नावाने आहे म्हणून. असली चिकाटी पाहिजे.

जेवणाचं विचारू नका. दोनला किचन बंद म्हणजे बंद, आम्ही सव्वादोनला पोचलो, बाई गोड हसून नाही म्हणाल्या. इथली खासियत ब्रांदाद, म्हणजे खारवलेल्या कॉड माशाचा लगदा, आणि मी शाकाहारी, म्हणजे पुन्हा एकदा बकरीच्या चीजचं सॅलड. ऑलिव्ह मात्र बेस्ट. जूनचं ऊन, हॉटेलात एसी नाही, आणि पंखा मागितला तर रिसेप्शनवरचा मुलगा असा बघायला लागला जसं काही मी त्याची किडनी मागितली.

तर उन्हं उतरल्यावर मी नवऱ्याला म्हटलं चल, कास्तेलुम बघून येऊ, म्हणजे रोमन लोकांचा पाणीवाटपाचा हौद. दहा-पंधरा मिनिटांचा चढ, मग एक साधी गल्ली, दोन्हीकडे राहती घरं, आणि मध्येच रेलिंगपलीकडे खाली एक गोल दगडी हौद. सहाएक मीटर रुंद. तिकीट नाही, खिडकी नाही, माणूसही नाही. नवरा म्हणाला, "अगं, हा हौद बघायला आपण एवढा चढ चढलो?"

तो पुण्याचा. पाणी म्हणजे नळ सोडला की येतं ते. मी संभाजीनगरची. आमच्याकडे पाण्याचा दिवस असतो, आठवडाभराने येणारा, त्या दिवशी आई लग्नालासुद्धा जात नाही. जायकवाडीचं धरण पन्नासेक किलोमीटरवर, तिथून पंपाने पाणी चढवून आणायचं, त्यात लाइट गेली की पंप बंद, पाइप फुटला की टँकर बोलवा.

आणि या हौदात पाणी यायचं तेही 50 किलोमीटरवरून, युझेसजवळच्या झऱ्यातून, एकही पंप नाही, कारण पंप होताच कुठे. सरळ रेषेत अंतर वीसेक किलोमीटरच, पण डोंगर टाळत उतार सांभाळत पाट फिरवत फिरवत आणलाय. झरा आणि हौद यांच्यातला उंचीचा फरक फक्त 12 मीटरच्या आसपास. हिशोब करा, एका किलोमीटरला पंचवीसेक सेंटिमीटर! आमच्या लियॉनच्या घरात बाथरूमचं पाणी अजून दरवाज्याकडे येतं. पाणी तिथून निघून इथे पोचायला साधारण एक दिवस लागायचा. एका बाजूला पाट आत शिरतो ते चौकोनी तोंड, आणि समोरच्या भिंतीत ओळीने 10 गोल भोकं, प्रत्येकातून शिशाची पाइपलाइन गावाच्या एकेका भागात. तळाला 3 भोकं, हौद धुवायला. असा वाटपाचा हौद इतका शाबूत राहिलेला पोंपेई सोडून कुठे फारसा नाही म्हणतात. 1844 ला सापडला.

मी तिथे रेलिंगला टेकून किती वेळ उभी होते कोण जाणे. निजामशाहीतल्या मलिक अंबरची नहर, म्हणजे पाण्याचा पाट, आमच्याकडेही अशीच उतारावर चालायची, आणि आम्ही नहरीचं पाणी बघितलं ते शाळेच्या सहलीत पानचक्कीला डबा खाताना, एवढंच. मला खरंच राग आला, नीमचा नाही, कोणाचा ते सांगता येत नाही.

मग बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेले. हौद दाखवला, 10 भोकं दाखवली. पहिला प्रश्न, "किती एमएलडी?" म्हणजे दिवसाला किती दशलक्ष लिटर. मी गूगल करून सांगितलं, 30 ते 40 असेल म्हणतात. ते गप्पच. मग, "आणि व्हॉल्व्ह कुठेयत?"

दुसऱ्या दिवशी पाँ द्यु गार, म्हणजे हाच पाट नदीवरून नेणारा रोमन पूल. रविवारी बस मोजक्याच, त्याही खच्चून भरलेल्या. पूल 49 मीटर उंच, तीन मजली, नदीत अर्धं फ्रान्स डुंबत होतं, फोटोत दिसतो तसाच दिसतो. तिथल्या म्युझियममध्ये कळलं की चौथ्या शतकानंतर पाटाची साफसफाई बंद पडत गेली, क्षार साचत साचत पाट अरुंद झाला, आणि सहाव्या शतकापर्यंत पाणी येणंच थांबलं. हे मी बाबांना व्हॉट्सॅपवर टाकलं. दोन मिनिटांत उत्तर आलं, "मेंटेनन्सचं बजेट कापलं असणार. दुसरं काय."