गुण सॅट्सवर चढले, पण मूल अडलंय कुठं?

एफए-एसएचे (आकारिक आणि संकलित चाचण्यांचे) गुण सॅट्सवर, म्हणजे कर्नाटक सरकारच्या विद्यार्थी-नोंदीच्या ऑनलाइन प्रणालीवर भरले की नोंदीचं काम संपलं, असं बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळांत धरलं जातं. पण ‘बी’ श्रेणी पाहून मूल जोडाक्षराला अडतं की अर्थाला, हे कळत नाही.

त्यासाठी साधी गुगल शीट पुरते. एका ओळीत एक मूल; रकाने असे: सॅट्स क्रमांक, इयत्ता, मराठी वाचन, कन्नड वाचन, गणित, ‘कुठं अडलं’. वाचनाला ० ते ४: काहीच नाही, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. या पातळ्या ‘असर’ या देशभरातल्या वाचन-गणित पाहणीच्याच. ५ शब्दांपैकी ४ बरोबर आले तर शब्दपातळी धरायची. प्रत्येकाला बाजूला घेऊन तपासा. वर्गासमोर लाजरी पोरं येत असलेलंही वाचत नाहीत.

आपल्या सीमाभागात दोन्ही भाषा शेजारी हव्यातच. मराठीत ४ आणि कन्नडमध्ये १ असेल, तर त्या मुलाला वाचनाचं तंत्र येतं, कन्नडचा सराव तेवढा राहिलाय. दोन्हीकडं १ असेल तर आधी मराठी पक्की करा. दोघांना एकच सराव दिला की दोघांचाही वेळ जातो. गणितातही तसंच: शाब्दिक उदाहरण चुकलं, पण तीच वजाबाकी आकड्यांत मांडून दिल्यावर जमली, तर अडचण वाचनाची आहे.

सगळ्यात मोलाचा रकाना शेवटचा. ‘सूर्य’ला ‘सूय’ वाचलं तर ‘रफार’ लिहा. हातचा विसरला तर ‘हातचा’. फिल्टर लावा, तिसरी ते पाचवीतली रफाराला अडणारी सगळी पोरं एका यादीत येतात. इयत्ता न बघता त्यांना रोज एकत्र बसवा.

बिघडतं ते बारीकसारीक गोष्टींत. कुणी ‘२’ देवनागरीत टाकतं, कुणी इंग्रजी आकड्यात. मग काउंटइफ या शीटमधल्या मोजणीच्या सूत्राचा आकडा चुकतो. म्हणून पातळीच्या रकान्यांना ड्रॉपडाउन लावा. गैरहजर मुलाला ० देऊ नका, ‘गै’ लिहा. ऊसतोडीच्या हंगामात पालकांबरोबर गेलेली मुलं नाहीतर ‘काहीच येत नाही’ यात मोजली जातात. जांबोटी-कणकुंबीकडं पावसात रेंज जाते, तेव्हा आधी कागदावर नोंद करा आणि शीट एकाच शिक्षकानं भरावी. एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत फक्त संख्या दाखवा, पोरांची नावं नकोत.

साधारण सहा आठवड्यांनी फेरतपासणी करा, तीही नव्या उताऱ्यावर. जुना उतारा पोरांना पाठ झालेला असतो.