गळीत हंगाम, पन्हाळा रोड आणि मागचा लाल लाईट

दर रविवारी पहाटे साडेपाचला आमचा सायकलवाल्यांचा ग्रुप कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर जमतो. तिथं म्हशीची धार काढून फेसाळलेलं दूध समोरच ग्लासात येतं, मी अर्धाच ग्लास घेतो, पूर्ण घेतला की चढाला पोटात ढवळतंय. मग टायर दाबून बघायचे, ब्रेक बघायचे आणि शिवाजी पूल ओलांडून आंबेवाडी, केर्ली, वाघबीळ करत पन्हाळा, एका बाजूनं वीसेक किलोमीटर. पावसाळ्यात रेडेडोह फुटला, म्हणजे पुराचं पाणी रस्त्यावर आलं, की हा रस्ता बंदच, त्यामुळं खरा सीझन दिवाळीनंतरचा. थंडी असते, हवा स्वच्छ असते, आणि नेमका तेव्हाच साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असतो.

उसाच्या ट्रॉलीबद्दल मला आज लिहायचंच आहे कारण ग्रुपमध्ये यंदा सहा-सात जण नवीन आलेत.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात केर्लीच्या पुढं आम्ही चौघं एका ओळीत चाललो होतो, अजून अंधार होता. आधी वास आला, तोडलेल्या उसाचा. तो ओला गोडसर वास इकडच्या माणसाला लगेच कळतो, पण वास आला म्हणून कोण ब्रेक मारतंय? पुढच्या क्षणी माझ्या पुढच्या पोरानं हँडल एकदम उजवीकडं फिरवलं आणि मला दिसली ती ट्रॉली, अर्ध्या रस्त्यावर उभी, बहुतेक चाक पंक्चर, ट्रॅक्टर सोडवून नेलेला, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, नुसते चार दगड लावून ठेवलेले आणि उसाची टोकं हातभर बाहेर आलेली. तो उजवीकडं गेला तेव्हा मागून वडापची (शेअर) जीप येत होती. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला, जीपचा आरसा त्या पोराच्या कोपराला घासून गेला, एवढंच. पुढची दहा मिनिटं आम्ही चौघं बांधावर बसून होतो, कुणी काही बोललं नाही.

त्या दिवशी चूक ट्रॉली सोडून जाणाऱ्याची होतीच, पण नंतर विचार केल्यावर कळलं की आम्ही पण अगदी कडेला चिकटून चाललो होतो आणि पुढचा लाईट फार जवळ पाडला होता. आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं की सायकल एकदम डावीकडनं चालव, पण कडेला साईडपट्टी खचलेली असते, खडी असते, हंगामात पडलेला ऊस असतो, आणि गोल कांडं पुढच्या चाकाखाली आलं की सायकल हातात राहत नाही. म्हणजे मग ऐनवेळी उजवीकडं यावंच लागतं आणि मागच्याला ते अजिबात अपेक्षित नसतं. त्यापेक्षा कडेपासून हात-दीड हात आत, सरळ रेषेत चालवा. मागचा ड्रायव्हर तुम्हाला आधीच बघतो, वेग कमी करतो, कधी हॉर्न मारतो, मारू दे. ताशी साठनं येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर येते, त्याला दोन सेकंद आधी दिसलात तर तेवढ्यात सगळा फरक पडतो.

म्हणून मागचा लाल लाईट, एक नाही, दोन. एक सीटखालच्या नळीवर, दुसरा हेल्मेटला, कारण एकाची बॅटरी संपलेली आपल्याला पुढं बघत चालवताना कळतच नाही. आमच्यातल्या एका दादानं 200 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड) केली, साडेतेरा तासांत संपवायची असते ती, तिथं रात्री रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि पुढं-मागं लाईट नसेल तर चालतच नाही, तेव्हापासून आमच्याकडंही तोच नियम. काकींनी (निवृत्तीनंतर गिअरची सायकल घेतली, चढाला आम्हाला मागं टाकतात) बुटाच्या टाचेला रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवलीय. पाय वर-खाली होतो तशी पट्टी हलते आणि लांबूनच कळतं की ही सायकल आहे. मला ही आयडिया फार आवडली.

चालत्या ट्रॉलीचं वेगळं. ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्यानं लावलेली असतात की घंटीचा उपयोग नाही. मागं दोन ट्रॉल्या जोडलेल्या, त्यातली मागची झुलत असते, आणि ऊस दोन्हीकडून बाहेर आलेला. समोरचा रस्ता पूर्ण मोकळा दिसत असेल तरच उजवीकडनं भरपूर अंतर ठेवून जा. वळणावर, चढावर नाही. डावीकडनं तर कधीच नाही. नाहीतर मागंच राहा, पण चिकटून नको, वरून मोळी सुटते.

ग्रुपमध्ये असताना बोलत राहायचं. "खड्डा!" "ऊस पडलाय!" पुढच्यानं ओरडलं की प्रत्येकानं मागं पोचवायचं, आणि सगळ्यात मागचा "गाडी आली" म्हणून पुढं सांगणार. हायवेवर एकेरी ओळ. आणि शेवटी अनुभवी माणूस, नवीन पोरगं कितीही हळू असलं तरी त्याच्या मागंच राहणारा. मी गेल्या महिन्यात हे काम केलं, वाघबीळपासून वर एका मुलीसोबत चार वेळा थांबत गेलो, बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी पोचलो तेव्हा बाकीच्यांची झुणका-भाकरी संपत आली होती, पण त्यांनी आमच्या दोन भाकऱ्या ठेच्यासकट झाकून ठेवल्या होत्या.

उतरताना ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. धुकं असेल तर थांबा, घाई नाही कुणाला.

हंगाम संपेपर्यंत कट्ट्यावरची वेळ साडेपाचऐवजी साडेसहा केलीय, उजेडातच निघू. ज्याच्याकडं मागचा लाईट नाही त्यानं शनिवारी रात्रीच सांगा, माझ्याकडं दोन जास्तीचे आहेत.