आप्पांची रायफल आणि दोन बुजलेली भोकं

मे महिन्यात धुळ्यात दुपारी माझ्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली असतं. त्या दुपारी शिरपूरकडचे आप्पा नातवाला घेऊन आले. परवाना प्लास्टिकच्या पिशवीत, रायफल जुन्या धोतरात. धोतर सोडलं आणि मी हातातला चहा बाजूला ठेवला. माउझर बनावटीच्या ॲक्शनची (म्हणजे काडतूस भरायच्या-उडवायच्या यंत्रणेची), .275 बोअरची इंग्रजी शिकारी रायफल होती ती. जिम कॉर्बेटला 1907 मध्ये चंपावतच्या वाघिणीबद्दल भेट मिळाली, ती याच बोअरची. अक्रोडाचा दस्ता, नळीवर मूळचा निळसर काळा रंग, आणि सगळ्या स्क्रूंच्या खाचा एका रेषेत. म्हणजे आजवर कुणी अडाण्यानं ती उघडलेली नव्हती.

आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. नळीच्या टोकावरचा नेमाचा दाणा, म्हणजे माशी, पुसट दिसते, नेम बसत नाही. नातवानं दुर्बीण आणि ती रायफलीवर धरणारे माउंट आणले होते, आणि त्याचा आग्रह होता की आजच छेद पाडून बसवा. आप्पांनी माझा हात धरला. "भाऊ, मन्हा आजानी बंदूक शे. काही बी कर, पन तिले छेद पाडू नको."

शिकाऊ असताना मी असे छेद पाडले आहेत. एका जुन्या रायफलीच्या रिसीव्हरवर, म्हणजे नळीमागच्या बोल्ट बसतो त्या पोलादी भागावर, चार. त्या पोलादाची वरची साल कडक केलेली असते, ड्रिल घसरतं, तापतं. एकदा ती साल फुटली की ते पोलाद परत पहिल्यासारखं होत नाही. मालकानं सांगितलं म्हणून मी केलं, पण नको म्हणायला हवं होतं. टेबलावर पडलेला तो चकचकीत कीस मला अजून दिसतो.

म्हणून नातवाला म्हटलं, दुर्बीण राहू दे, आधी साफ करू. दस्त्याच्या टोकाच्या लोखंडी पत्र्यावर, बटप्लेटवर, मसुराएवढे गंजाचे ठिपके होते. दर दसऱ्याला शस्त्रपूजेचं हळदकुंकू ओल्या बोटानं लावायचं आणि तसंच राहू द्यायचं, त्याचे हे डाग. तेल आणि मऊ पितळी काथ्यानं गंज काढला. खड्डे राहिले, ते राहू दिले. पॉलिश पेपर लावला असता तर नक्षीही गेली असती. पुढच्या दसऱ्यापासून टिळा धोतराला लावा, असं सांगितलं. आप्पांना ते पटलं.

मग रिसीव्हरच्या उजव्या बाजूला, बोल्टवरून जाणाऱ्या मागच्या पुलापाशी, चिकट तेलाच्या थराखाली नखाला काहीतरी खरखरीत लागलं. ब्रशनं घासलं तर दोन बारीक खाचा. बिनडोक्याचे दोन स्क्रू! बनवतानाच तिथं भोकाची साईट, म्हणजे बारीक भोकातून बघून नेम धरायची साईट, बसवायची भोकं पाडून बुजवलेली होती. रायफलीत नवं काही करायचंच नव्हतं. तिची जागा तिनंच राखून ठेवली होती.

रात्रभर तेल मुरवलं. बाजारचा स्क्रू ड्रायव्हर टोकाला पाचरीसारखा असतो, जोर लावला की वर सरकतो आणि खाच फाडतो. मी एक पातं घासून खाचेच्या मापाचं, दोन्ही बाजूंनी सरळ केलं. सकाळी पहिला स्क्रू चिमटीनं बाहेर आला. आटे इंग्रजी होते. मेट्रिक स्क्रू जबरदस्तीनं फिरवला असता तर आटे गेलेच होते, म्हणून लेथवर दोन नवे पाडले. माझ्याकडच्या जुन्या साईटचा पाय रिसीव्हरच्या गोलाईला बसेपर्यंत कानसला. कानस साईटवर चालली, रायफलीवर नाही.

नातू उंच, त्याला दस्ता आखूड पडत होता. दस्ता कापून रबर लावायचं त्याच्या मनात होतं. त्याऐवजी आत नमदा घातलेली, दोरीनं आवळायची चामडी टोपी शिवून घेतली. एकच बजावलं, घरी गेल्यावर ती काढून ठेवायची. चामडं ओल धरतं, आणि लोखंडाला चिकटून राहिलं की गंज चढवतं. पट्ट्यासाठी मूळच्या कड्या होत्याच. त्यांच्या मापाचे हूक केले.

संध्याकाळी बोल्ट काढून रायफल नमदा लावलेल्या शिकंज्यात धरली. नळीतून समोरच्या टाकीचा कोपरा मध्यावर आणला आणि साईट त्याच कोपऱ्यावर मिळवली. आप्पांना म्हटलं, भोकाकडे बघू नका, भोकातून बघा. बारीक भोकातून बघितलं की जवळची माशी आणि लांबची वस्तू दोन्ही स्वच्छ दिसतात. आप्पा वाकले, चष्मा वर सरकवला, बराच वेळ काही बोलले नाहीत.

"माशी दिसनी," ते म्हणाले. "टाकीबी."

नातवानंही वाकून बघितलं, आणि दुर्बीण गुपचूप पिशवीत घातली. काढलेले दोन्ही मूळ स्क्रू मी तेलाच्या कागदात गुंडाळून कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवले, वर 'उजवी बाजू, पुढचा-मागचा' असं लिहिलं, आणि डबी परवान्याच्या पिशवीत ठेवायला आप्पांच्या हातात दिली.