आधी मुलं मोजा, मग डॉलर

मार्च उजाडला की आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषयच नसतो. राज्याकडून शाळांना मिळणाऱ्या मदतीचे आकडे जाहीर होतात, आमच्या डिस्ट्रिक्टला (म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला) कात्री लागलेली असते आणि मग सुरू होतं : "एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो, तो जातो कुठे?" प्रश्न रास्त आहे. न्यू जर्सीत एका घराचा सरासरी प्रॉपर्टी टॅक्स 2024 मध्ये दहा हजार डॉलरच्या वर गेला आणि त्यातला साधारण निम्मा शाळांना जातो. पण या प्रश्नाचं उत्तर शोधायला बहुतेक जण जिथून सुरुवात करतात, तिथे ते सापडत नाही. सगळे 'पर प्यूपिल', म्हणजे दर विद्यार्थ्यामागच्या, खर्चाचा आकडा काढतात, शेजारच्या डिस्ट्रिक्टचा आकडा त्याच्या बाजूला ठेवतात आणि भांडायला लागतात.

मी अकाउंट्समध्ये काम करते आणि माझी दोन मुलं याच डिस्ट्रिक्टच्या शाळांत जातात. गेली काही वर्षं मी स्कूल बोर्डाच्या मीटिंगना जाते, बजेटची पीडीएफ घरी नीट वाचते. त्यातून माझं एक ठाम मत झालंय : शाळेत कोणती मुलं आहेत हे कळल्याशिवाय पैशांचा एकही आकडा वाचता येत नाही. आणि पैसे कळले नाहीत तर शिक्षक किती आणि का, हेही कळत नाही.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. 30 सप्टेंबरच्या पटसंख्येवर शिक्षकांची पदं ठरायची, त्यामुळे ती तारीख आमच्या घरात सणासारखी पाठ होती. इथे ती तारीख 15 ऑक्टोबर. त्या दिवशी पटावर असलेली मुलं राज्याला कळवली जातात आणि पुढच्या वर्षीची मदत त्यावरून ठरते. नुसतं डोकं मोजून भागत नाही, प्रत्येक मुलाला वजन असतं. 2008 च्या स्कूल फंडिंग रिफॉर्म ॲक्टनुसार प्राथमिकच्या मुलाला एक वजन, हायस्कूलच्या मुलाला त्याहून जास्त. कमी उत्पन्नाच्या घरातलं मूल असेल तर वरून मोठी भर, इंग्रजी अजून शिकत असलेलं मूल असेल तर वेगळी भर. ही सगळी बेरीज झाली की या डिस्ट्रिक्टला पुरेसं शिक्षण द्यायला किती खर्च यावा, तो आकडा निघतो. त्याला म्हणतात ॲडिक्वसी बजेट.

कात्री का लागते ते इथून पुढे कळतं. गावाने स्वतः किती उचलावं हे राज्य ठरवतं : गावातल्या मालमत्तेची किंमत आणि लोकांचं उत्पन्न, दोन्ही निम्मं निम्मं धरून. ॲडिक्वसी बजेटमधून हा गावाचा वाटा वजा केला की उरते ती समानीकरणाची मदत. आमच्या भागात घरांच्या किमती गेल्या काही वर्षांत कुठल्या कुठे गेल्या. कागदावर गाव श्रीमंत झालं, गावाचा वाटा वाढला, मदत घटली. शाळेत मुलं तितकीच, शिक्षक तेच आणि तुमच्या माझ्या पगारातही घरासारखी उडी नाही. शिवाय डिस्ट्रिक्टला टॅक्सची वसुली वर्षाला 2 टक्क्यांपेक्षा जास्त सहजासहजी वाढवता येत नाही. आरोग्यविम्याचे हप्ते मात्र कुठलीही मर्यादा पाळत नाहीत. या दोन आकड्यांमधल्या फटीत दरवर्षी कुणाची तरी नोकरी जाते.

या सूत्रावर चिडणाऱ्यांना मी नेहमी थोडा इतिहास सांगते, कारण तो ऐकला की राग थोडा योग्य जागी जातो. या राज्याच्या घटनेत 1875 पासून लिहिलेलं आहे की 5 ते 18 वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी 'थरो अँड एफिशियंट', म्हणजे परिपूर्ण आणि कार्यक्षम, अशी मोफत शाळांची व्यवस्था राज्याने ठेवायची. 1973 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सॅन अँटोनिओच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की शिक्षण हा केंद्रीय घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. त्याच वर्षी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने रॉबिन्सन विरुद्ध केहिल खटल्यात उलट निकाल दिला : मुलाचं शिक्षण त्याच्या गावातल्या घरांच्या किमतीवर अवलंबून ठेवणं राज्याच्या घटनेत बसत नाही. विधिमंडळ पैशांची सोय करेना, तेव्हा 1976 च्या उन्हाळ्यात न्यायालयाने शाळांवरचा खर्चच थांबवला. त्यानंतर राज्याचा इन्कम टॅक्स आला. आपण दर एप्रिलला राज्याचं जे रिटर्न भरतो, त्याच्या मुळाशी गरीब गावांतल्या शाळा आहेत. पुढे ॲबट विरुद्ध बर्क या खटल्यांची मालिका चालली आणि 31 गरीब शहरी डिस्ट्रिक्टना श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीने पैसे मिळायला लागले. मला या राज्यात राहण्याचा अभिमान वाटतो त्याच्या कारणांत हे वरच्या क्रमांकावर आहे. 'आपले' पैसे नेवार्क किंवा कॅमडेनसारख्या गरीब शहरांना जातात, अशी कुरकुर आपल्या लोकांच्या तोंडून ऐकली की मला मनापासून वाईट वाटतं.

आता तो लाडका 'पर प्यूपिल' आकडा. राज्याच्या करदात्यांसाठीच्या गाइडमध्ये प्रत्येक डिस्ट्रिक्टचे असे दोन आकडे असतात आणि दोघांत काही हजार डॉलरचा फरक असतो. मोठ्या आकड्यात शिक्षकांच्या पेन्शनसाठी राज्य परस्पर भरतं ते पैसे, कर्जाचे हप्ते, बसचा खर्च, डिस्ट्रिक्टबाहेर पाठवलेल्या मुलांची फी, सगळं येतं. लहान आकड्यात हे नसतं. ग्रुपवर एकजण आपला मोठा आकडा टाकतो, दुसरा शेजारच्या गावाचा लहान आकडा टाकतो आणि रात्री बारापर्यंत वाद चालतो. तुलना करायचीच तर लहान आकडा लहानाशी लावा, आणि तेही साधारण तितकीच मुलं असलेल्या डिस्ट्रिक्टशी.

बाहेर पाठवलेल्या मुलांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. काही मुलांच्या गरजा अशा असतात की डिस्ट्रिक्टच्या शाळेत त्या भागवता येत नाहीत, मग त्यांना खास शाळेत पाठवावं लागतं. एका मुलाची फी वर्षाला लाख डॉलरच्या आसपासही जाऊ शकते. 1975 च्या केंद्रीय कायद्याने अशा मुलांना योग्य शिक्षणाचा हक्क दिला आणि देशातल्या सरासरी पर प्यूपिल खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत रक्कम अशा प्रत्येक मुलामागे केंद्र देईल असं ठरलं. प्रत्यक्षात केंद्राने 40 टक्के कधीच दिले नाहीत, आणि अलीकडच्या वर्षांत तर त्याचा वाटा 15 टक्क्यांच्याही खाली राहिलाय. राज्याच्या 2008 च्या सूत्रातही विशेष शिक्षणासाठी मुळात अशा मुलांचं राज्यातलं सरासरी प्रमाण धरलं होतं. तुमच्याकडे अशी मुलं सरासरीपेक्षा जास्त असली तर त्यांचे पैसे सूत्रात येतच नव्हते. प्रत्यक्ष संख्या धरायला सुरुवात झाली ती 2025-26 साठी. मधल्या काळात ती भर गावाने घातली. दोष असेल तर तो वचन न पाळणाऱ्या वॉशिंग्टनचा. बजेटच्या सुनावणीत माइकसमोर उभं राहून कुणी 'त्या मुलांवर' होणाऱ्या खर्चाबद्दल बोलतं, तेव्हा त्यातल्या एखाद्या मुलाची आई मागच्या रांगेत बसलेली असते. मी तिला बघितलंय.

शिक्षकांच्या आकड्यांत फसगत व्हायला फार जागा आहे. वेबसाइटवर दिसतं, अकरा मुलांमागे एक शिक्षक. आणि तुमच्या मुलाच्या वर्गात तर चोवीस मुलं! दोन्ही खरं असू शकतं. गुणोत्तर काढताना रिसोर्स रूमचे (विशेष शिक्षणाच्या छोट्या वर्गाचे), ईएसएलचे (इंग्रजी अजून शिकणाऱ्या मुलांच्या वर्गाचे), संगीताचे, जिमचे असे सगळे शिक्षक मोजले जातात. समजा पाच मुलांच्या विशेष वर्गाला एक शिक्षक आहे आणि शेजारच्या वर्गात पंचवीस मुलांना एक. सरासरी पंधरा, पण पंधरा मुलांचा वर्ग शाळेत कुठेच नाही. म्हणून मी गुणोत्तर विचारत नाही, 'तिसरीच्या प्रत्येक वर्गात किती मुलं' हे विचारते. पॅराप्रोफेशनल, म्हणजे वर्गात मदतीला असतात त्या ताई, या गुणोत्तरात नसतात. कपातीत मात्र त्यांचा नंबर बरेचदा पहिला लागतो आणि त्या गेल्या की शिक्षिकेचा दिवस कसा जातो ते मुलाला विचारा. दुसरा नंबर ज्यांना आपण 'कर्टसी' म्हणतो त्या बसचा, कारण कायद्याने बस द्यावी लागते ती आठवीपर्यंत दोन मैलांपलीकडे आणि हायस्कूलला अडीच मैलांपलीकडे. त्याच्या आतली बस ही डिस्ट्रिक्टची मर्जी.

कोविडच्या काळात तीन हप्त्यांत मिळून देशभरच्या शाळांना केंद्राने सुमारे 190 अब्ज डॉलर दिले. अनेक ठिकाणी त्यातून समुपदेशक आणि वाचन शिकवणारे तज्ज्ञ नेमले गेले. तो पैसा कशावर खर्चायचा हे पक्कं करायची मुदत 30 सप्टेंबर 2024 ला संपली. त्यामुळे 'अचानक माणसं का काढताय' याचं उत्तर कधीकधी फक्त एवढंच असतं की तो पगार कायमच्या पैशांतून कधी निघतच नव्हता. प्रत्येक पदाबद्दल हे विचारता येतं : याचा पगार कुठल्या खात्यातून?

राहिली मुलांची ओळख. मुलांचा वंश आणि भाषा सांगणारा तक्ता लोक वरवर बघतात, मी त्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवते. 'एशियन' या एका रकान्यात आमच्याकडचे गुजराती, तेलुगू, चिनी, कोरियन, फिलिपिनो आणि आपण, सगळे कोंबलेले. शाळेच्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये घरी बोलल्या जाणाऱ्या भाषांचा तक्ता असतो, तो बराच बोलका. त्यात मराठी शोधायला गेलं तर बरेचदा 'अदर'मध्ये जाते. याला आपणही कारण आहोत. प्रवेशाच्या वेळी घरची भाषा विचारतात तेव्हा मराठी घरांतसुद्धा सर्रास 'इंग्लिश' लिहितात, मुलाला ईएसएलमध्ये टाकतील या भीतीने. नुसतं मराठी लिहिल्याने कुणाला ईएसएलमध्ये टाकत नाहीत. इंग्रजी कच्चं आहे का हे पुढे तपासतात, चाचणी घेतात आणि मगच ठरतं. ज्याला खरंच गरज आहे त्याला मदत मिळते आणि त्याचं वजन डिस्ट्रिक्टच्या सूत्रात धरलं जातं. भारतातून नुकतीच आलेली पहिलीतली मुलगी वर्गात गप्प बसून राहते, तेव्हा तिच्यासाठी एक शिक्षिका असणं किती मोठी गोष्ट आहे हे तिच्या घरच्यांना मी वेगळं सांगायला नको.

दुसरा फॉर्म मोफत जेवणाचा. राज्याने मर्यादा वाढवून केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या 224 टक्क्यांपर्यंत नेली आहे, त्यामुळे बसणारी कुटुंबं पुष्कळ आहेत. नोकरी गेलेले, एकाच पगारावर चाललेले, आजी-आजोबांसकट राहणारे. लाजेपोटी भरत नाहीत. जेवण जातंच, शिवाय 185 टक्क्यांच्या आतलं मूल सूत्रात 'ॲट रिस्क', म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातलं, म्हणून मोजलं जायचं तेही राहून जातं, म्हणजे शाळेचंही नुकसान. अर्ज गुप्त असतो, वर्गात कुणाला कळत नाही. ऑक्टोबरच्या मोजणीआधी, सप्टेंबरमध्येच भरून टाका. भरताना कुठे अडलं तर शनिवारी सकाळी मी लायब्ररीत असते, कागद घेऊन या.