भांगाच्या दिवसांत

नवी मुंबईत नेरूळच्या सारसोळे जेट्टीशेजारच्या तिवरांत प्लास्टिक वेचायला आम्ही नऊ जण पहिल्यांदा उतरलो तो रविवार होता, पौर्णिमा बुधवारी. परवानगीसाठी तीन आठवडे हेलपाटे घातले होते (खारफुटीत विचारल्याशिवाय शिरू देत नाहीत, ते योग्यच आहे). ओहोटीत २६ पोती भरली, कडेला रचली. गाडी सोमवारी येणार होती, ती आली नाही. शुक्रवारी जाऊन बघते तर सात पोती उरलेली. बाकीची उधाणाने नेली, फोडली, सगळं पुन्हा मुळांत अडकलेलं. मला रडू आवरेना.

जाळं शिवत बसलेले एक नाखवा म्हणाले, "भांगान यायचा गो बाय, उधानान नाय."

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस. तेव्हा भरती कमी चढते, वरच्या तिवरांपर्यंत पाणी येत नाही. उधाणाने आणून सोडलेला कचरा तिथेच पडून असतो आणि भरलेली पोतीही जागेवर राहतात. इतकी वर्षं नेरूळमध्ये राहून मला हे माहीत नव्हतं.

मग अष्टमीलाच गेलो, गाडी आधी पक्की करून. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, झाड त्यांतून श्वास घेतं. त्यांना गुंडाळलेली पिशवी ओढली तर मूळ मोडतं, म्हणून कात्रीने कापून सोडवायची. एका हातभर जागेला मला अर्धा तास लागला. गोणपाटाचा तुकडा उचलला तर खाली निवटीचं (चिखलात राहणाऱ्या माशाचं) बीळ होतं. राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे, तरी आमच्या पोत्यांत सगळ्यात जास्त पिशव्याच. वाशी पुलाच्या वरच्या अंगाची ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) झाली, पाणी तर तेच इथे येतं-जातं.

वेचण्यापेक्षा निवडायला जास्त वेळ गेला. बाटल्या भंगारवाल्याने लगेच घेतल्या. दुधाच्या पिशव्या चिखलाच्या होत्या म्हणून परत केल्या. त्या आम्ही ड्रममध्ये धुतल्या, वाळवल्या, मग घेतल्या. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना मात्र कोणी हात लावेना, कारण प्लास्टिकला धातूचा पातळ थर चिकटलेला असतो, तो सुटा होत नाही. चार ठिकाणी विचारून झालं. ती दोन पोती अजून माझ्या बाल्कनीत आहेत.