लस कारखान्यासाठी क्यूएमएस (गुणवत्ता व्यवस्थापन) सॉफ्टवेअर घेताना

आमच्याकडे डेव्हिएशनचा (ठरलेल्या पद्धतीपासून झालेल्या फारकतीचा) नंबर रजिस्टरमधून मिळायचा आणि फॉर्म कागदावर भरला जायचा. त्याचं पुढे काय झालं हे मात्र एक्सेल शीटमध्ये शोधावं लागायचं. रेकॉर्ड सगळं असायचं. पण ‘या बल्कपासून भरलेल्या सगळ्या लॉटवर मिळून किती डेव्हिएशन्स आहेत?’ असं ऑडिटरने विचारलं की पळापळ. लशीच्या धंद्यात हा प्रश्न टळत नाही. एका बल्कमधून, म्हणजे कुप्यांत भरण्याआधीच्या लशीच्या साठ्यातून, अनेक लॉट भरले जातात, निर्जंतुकता चाचणीलाच १४ दिवस जातात, पोटेन्सीचा (लशीच्या ताकदीचा) निकाल कधी त्याहूनही उशिरा येतो. निकालात काही निघालं तर त्याची झळ कुठल्या कुठल्या लॉटपर्यंत जाते, हे तिथल्या तिथे कळायला हवं.

सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं आणि समन्वयाचं काम माझ्याकडे, म्हणजे क्यूएकडे (गुणवत्ता हमी विभागाकडे) आलं. पहिला खटका यूआरएसवरच, म्हणजे सॉफ्टवेअरकडून काय काय हवं त्याच्या लेखी यादीवरच, उडाला. एका व्हेंडरने तयार यूआरएस पाठवून दिली होती, ‘मॅडम, फक्त कंपनीचं नाव टाका.’ वाचायला झकास होती, कारण त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये जे जे होतं ते ते सगळं त्यात ‘आवश्यक’ होतं. ती बाजूला ठेवली. आमच्या यूआरएसला मी एकच अट घातली: ज्या वाक्याची चाचणी लिहिता येत नाही ते वाक्य नको. ‘वापरायला सोपं असावं’ वगैरे मजकूर त्यातच गळाला.

डेमोत प्रत्येक जण साधारण एकच गोष्ट दाखवतो. लेबलवर चूक सापडते, चार-पाच क्लिक होतात, कापा (चूक सुधारण्याची आणि ती पुन्हा होऊ नये यासाठीची कारवाई) उघडतो, बंद होतो, टाळ्या. म्हणून आम्ही आमचा प्रसंग आधीच लिहून पाठवला. कोल्ड रूमचं तापमान रात्री ८ अंशांच्या वर गेलं. आत दोन वेगळ्या बल्कचे लॉट आहेत आणि त्यातल्या एका लॉटचा काही माल आदल्या दिवशीच रवाना झालाय. आता हे पडद्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवा. एका देखण्या सॉफ्टवेअरचा प्रवास ‘बाधित बॅचेस’ नावाच्या रिकाम्या चौकटीत संपला. लॉट नंबर तिथे हाताने टाइप करायचे. एक आकडा चुकला की तो लॉट शोधात येणारच नाही!

‘कस्टमाइझ करून देऊ’ हे उत्तर तयारच असतं. त्यावर मी लगेच विचारायचे, कॉन्फिगरेशन (फक्त सेटिंग्ज बदलणं) की नवा कोड? गॅम्प ५ या औषध उद्योगातल्या संगणक प्रणालींच्या मार्गदर्शिकेच्या भाषेत चौथी कॅटेगरी की पाचवी? खास आपल्यासाठी कोड लिहून घेतला की व्हॅलिडेशनचं, म्हणजे सॉफ्टवेअर ठरल्याप्रमाणे चालतं हे पुराव्यानिशी दाखवण्याचं, ओझं कैक पटींनी वाढतं आणि पुढच्या प्रत्येक अपग्रेडला तेच दुखणं उभं राहतं. उत्तर लेखी मागितलं की आश्वासनं बरीच आटोपशीर होतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला चेंज कंट्रोलवर (बदलांची मंजुरी आणि नोंद), आणि तो जायलाच हवा होता. लस अनेक देशांत नोंदलेली असते. प्रक्रियेतला मोठा बदल एका नियामकाकडून लवकर मंजूर होतो, दुसऱ्याकडे बराच काळ पडून राहतो. तोवर जुन्या आणि नव्या पद्धतीचे लॉट शेजारी शेजारी असतात. नव्या पद्धतीचा लॉट मंजुरी न आलेल्या देशात जाता कामा नये. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मात्र बदलाला एकच अंमलबजावणी तारीख आणि एकच ‘बंद’. आम्हाला प्रत्येक देशाची स्वतंत्र स्थिती हवी होती आणि लॉट रिलीज करणाऱ्याला ती समोर दिसायला हवी होती. या एका मुद्द्यावर यादी निम्म्यावर आली. परचेसला ते रुचलं नाही, कारण सर्वांत स्वस्त कोटेशनही त्यातच गेलं.

प्रॉडक्शनच्या एका सुपरवायझरांनी सुचवलेली चाचणी मला सुचली नसती. ते म्हणाले, ‘ऑफिसात बसून काय बघता? ग्लोव्ह्ज घालून लॉगिन करा.’ मग गाऊन, गॉगल, दुहेरी ग्लोव्ह्ज चढवून ऑपरेटरला टॅबलेट दिला. बोटाचा ठसा अर्थातच बाद. विशेष चिन्हं असलेला लांबलचक पासवर्ड टाकेपर्यंत त्याला घाम फुटला, आणि मजकूर निम्मा लिहून झाला तोच सेशन संपलं. लिहिलेलं सगळं गायब. मसुदा आपोआप जतन होणं ही अट त्याच दिवशी यूआरएसमध्ये गेली. टॅबलेट स्पोरिसायडलच्या (बीजाणू मारणाऱ्या जंतुनाशकाच्या) पुसण्याला टिकतो का, हेही तेव्हाच तपासलं. जिवंत विषाणूच्या भागातून कागद बाहेर काढणं किती कटकटीचं असतं ते तिथे काम केलेल्यांना माहीत आहे, त्यामुळे टॅबलेट टिकणं आम्हाला फार महत्त्वाचं होतं.

‘आमचं सॉफ्टवेअर पार्ट ११ कम्प्लायंट आहे’ हे वाक्य माहितीपत्रकावर छान दिसतं. २१ सीएफआर पार्ट ११ हा इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांबद्दलचा अमेरिकेचा १९९७ सालचा नियम आहे आणि त्यातला बराच भाग सॉफ्टवेअरच्या हातातच नाही: लॉगिन कोणाला द्यायचं, प्रशिक्षण कोणी द्यायचं, सही म्हणजे हाताच्या सहीइतकीच जबाबदारी हे कोण मान्य करणार. ते आपल्या एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) असावं लागतं. सॉफ्टवेअरकडून मी एवढंच बघितलं की सहीसोबत नाव, तारीख-वेळ आणि सहीचा अर्थ उमटतो का, आणि ऑडिट ट्रेल (कोणी, कधी, काय बदललं याची आपोआप होणारी नोंद) अ‍ॅडमिनलाही बंद करता येत नाही ना.

लायसन्सवर परचेसशी पुन्हा जुंपली. माणशी लायसन्स महाग पडतं म्हणून ‘शिफ्टला एक लॉगिन’ असा प्रस्ताव आला. तीन शिफ्टचे लोक एकाच नावाने नोंदी करणार असतील तर डेटा इंटिग्रिटीचं (नोंदींच्या विश्वासार्हतेचं) नाव तरी कशाला घ्यायचं? शेवटी एकाच वेळी किती जण लॉगिन असतील त्या संख्येवर लायसन्स घेतलं. प्रत्येकाचं खातं वेगळं.

व्हेंडर ऑडिटला पॉलिसीच्या फायली भराभर उलटल्या. खरा वेळ दिला उघड्या दोषांच्या यादीला आणि बॅकअपला. बॅकअप सगळेच घेतात, म्हणून तो परत चढवून दाखवा म्हटलं. दाखवला, पण आधी बरीच कुजबुज झाली. करारात दोन कलमं हट्टाने घातली. करार संपल्यावर सगळा डेटा सह्या आणि ऑडिट ट्रेलसकट वाचता येईल अशा स्वरूपात मिळावा. आणि क्लाउडवरचं अपग्रेड आधी आमच्या टेस्ट सर्व्हरवर यावं, तपासायला पुरेसा वेळ देऊन. आयक्यू-ओक्यूला (सॉफ्टवेअर नीट बसवलंय आणि नीट चालतंय याच्या चाचण्यांना) त्यांचे दस्तऐवज तपासून वापरले. पीक्यू (प्रत्यक्ष वापरातली चाचणी) मात्र आमच्याच प्रसंगांवर केलं. बंद झालेली जुनी रेकॉर्ड्स आत ओतली नाहीत, फक्त चालू असलेली घेतली.

पहिलं अपग्रेड आलं तेव्हा टेस्ट सर्व्हरवर कोल्ड रूमचाच प्रसंग पुन्हा चालवला. रिपोर्टमधला ‘देशनिहाय स्थिती’चा रकाना गायब होता. रिलीज नोट्समध्ये त्याचा उल्लेखही नव्हता. दुरुस्ती होऊन येईपर्यंत आम्ही जुन्याच आवृत्तीवर राहिलो.