पुढच्या महिन्यात येणारच आहे

दुपारी काम जरा रेंगाळलं की माणूस उगाच सेटिंग्ज उघडून बसतो. विंडोज अपडेटच्या पानावर हिरवी खूण असते, सगळं अद्ययावत असल्याची ग्वाही असते आणि तिथेच आणखी एक ओळ असते: अमुक महिन्याचं क्युम्युलेटिव्ह (आधीच्या दुरुस्त्याही पोटात घेणारं) अपडेट, प्रीव्ह्यू, म्हणजे सगळ्यांना देण्याआधीचा ऐच्छिक नमुना. शेजारी ‘डाउनलोड अँड इन्स्टॉल’. सगळं झालंय, आणि तरी काहीतरी उरलंय. काहीही बाकी ठेवणं ज्यांच्या जिवावर येतं, त्यांचा हात इथे शिवशिवतो.

या शिवशिवण्याची किंमत काहींनी ऑक्टोबर २०१८ मध्ये मोजली. विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती पहिले काही दिवस फक्त स्वतःहून ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबणाऱ्यांना मिळत होती. त्यातल्या काहींच्या डॉक्युमेंट्समधल्या फायलीच गेल्या. फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलं होतं आणि जुन्या जागी काही फायली तशाच राहिल्या होत्या, त्या नव्या आवृत्तीने साफ केल्या. आठवड्याच्या आत मायक्रोसॉफ्टने वाटप थांबवलं, नोव्हेंबरात पुन्हा सुरू केलं. जे गप्प बसले होते त्यांना यातलं काही कळलंसुद्धा नाही.

गप्प बसण्यात नुकसान किती, हे कॅलेंडर काढून बघण्यासारखं आहे. सुरक्षेचं सक्तीचं अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं. तिकडे अमेरिकेत, मायक्रोसॉफ्टच्या घड्याळात, सकाळचे दहा, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. प्रीव्ह्यू साधारण चौथ्या आठवड्यात येतं आणि त्यात सुरक्षेची नवी दुरुस्ती नसते. असतात ते इतर दोषांवरचे उपाय आणि एखादी नवी सोय. हे सगळं पुढच्या महिन्याच्या सक्तीच्या अपडेटमध्ये आपोआप येतंच. थांबायचं किती, तर चौदा दिवस. महिन्यात पाच मंगळवार असले तर एकवीस.

मग हे आधी देतात कशाला? चव बघायला. सणाच्या स्वयंपाकात नैवेद्याआधी आमटी चाखता येत नाही, म्हणून मीठ नेमकं पानं वाढल्यावर कळतं. इथे तशी मनाई नाही, म्हणून चाखायला चार माणसं बोलावतात. ऑगस्ट २०२३ च्या प्रीव्ह्यूने एमएसआय कंपनीच्या काही मदरबोर्डांवर निळ्या पडद्यावर ‘अनसपोर्टेड प्रोसेसर’ असं दाखवलं. बायोस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम) बदलून ते मिटलं. जून २०२४ च्या प्रीव्ह्यूने व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा आभासी संगणक) वापरणारे काही संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट व्हायला लागले. चाखणारे हवेतच, त्यांच्यामुळे बाकीच्यांचं जेवण नीट होतं. पण ज्या मशीनवरून जीएसटी भरायचा आहे, त्याने त्या रांगेत बसू नये.

जीएसटीवरून आठवलं. दर महिन्याला जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरणपत्र भरणाऱ्यांची शेवटची तारीख ११, आणि दुसरा मंगळवार ८ ते १४ च्या मध्ये कुठेतरी. मंगळवार १० तारखेला आला की बुधवारी सकाळी, ऐन मुदतीच्या दिवशी, ऑफिसातला पीसी रीस्टार्ट मागत उभा. अशा महिन्यात आदल्या सोमवारीच ‘पॉज अपडेट्स’मध्ये एक आठवडा निवडून टाकावा. त्याहून जास्त लांबवू नये, कारण ते अपडेट सुरक्षेचं आहे.

प्रीव्ह्यू घ्यायचं ते एकाच कारणासाठी: आपल्याला छळणारा दोष त्याच्या माहितीत नावानिशी लिहिलेला असला तर. ओळीखालची ‘सी व्हॉट्स न्यू’ ही लिंक उघडायची आणि दुरुस्त्यांच्या यादीच्याही आधी ‘नोन इश्यूज’ वाचायचं. बिघडलंच तर अपडेट हिस्टरीत जाऊन ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. मशीन सुरूच होत नसेल तर रिकव्हरीच्या निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स. (या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड-माउस चालेनासे करण्याचा पराक्रम ऑक्टोबर २०२५ च्या सक्तीच्या अपडेटने केला. २० तारखेला तातडीची दुरुस्ती आली. सक्तीचं म्हणजे निर्दोष, असंही नाही.)

खरी गंमत आणखी आत आहे: अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स, ड्रायव्हर अपडेट्स. (ड्रायव्हर म्हणजे विंडोजला एकेक उपकरण चालवायला शिकवणारी फाइल.) या यादीतल्या किंवा डिव्हाइस मॅनेजरमधल्या तारखा बघा. इंटेलच्या चिपसेटच्या (मदरबोर्डवरचे भाग जोडणाऱ्या चिपच्या) नावापुढे १८ जुलै १९६८ दिसेल. त्या काळी कुठला असला चिपसेट? ही इंटेलच्या स्थापनेची तारीख आहे आणि ती मुद्दाम टाकलेली आहे. हार्डवेअरला दोन ड्रायव्हर सारखेच जुळत असले तर विंडोज तारखेने नवा असलेला निवडते. इंटेलची सर्वसाधारण फाइल संगणक बनवणाऱ्याच्या खास ड्रायव्हरच्या वर चढून बसू नये, म्हणून तिला सगळ्यात म्हातारी करून ठेवलंय. त्यातही ती फाइल बहुतेक वेळा उपकरणाला नाव देण्यापलीकडे काही करत नाही. विंडोजसोबत येणाऱ्या ड्रायव्हरांवर अशीच २१ जून २००६ ही तारीख असते. तेव्हा तारीख बघून ‘अरेरे, केवढा जुना’ म्हणत टिक करायची नाही. प्रिंटर गप्प आहे, वायफाय दर तासाला तुटतंय, ब्लूटूथ सापडत नाही, असं काही असेल तर फक्त त्या एका ओळीवर टिक. त्याआधी स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोर पॉइंट’ शोधून सी ड्राइव्हचं प्रोटेक्शन, म्हणजे बिघडलं तर आधीच्या स्थितीत परतण्याची सोय, चालू करावं. अनेक मशीनवर ते बंदच असतं. नवा ड्रायव्हर नडला तर डिव्हाइस मॅनेजरमधल्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असतं. जुना ड्रायव्हर साठवलेला नसेल तर ते बटण फिकं पडलेलं दिसतं, दाबता येत नाही.

त्याच यादीत कधी ‘फर्मवेअर’, म्हणजे हार्डवेअरच्याच पोटातला प्रोग्राम, असंही लिहिलेलं असतं. तिथे मात्र थट्टा नको. चार्जर लावलेला हवा, बॅटरी भरलेली हवी आणि त्या दिवशी महावितरणचा भरवसा धरू नये. फर्मवेअर बदलल्यावर बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी किल्ली मागू शकतो. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधीच कागदावर उतरवून ठेवावी.

२००४ च्या ऑगस्टात विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २, म्हणजे अपडेटांचा मोठा गठ्ठा, आला तेव्हा असली घालमेल नव्हती. पूर्ण फाइल २६६ एमबी, डायल-अपवर सेकंदाला चार-पाच केबी, म्हणजे पंधरा ते एकोणीस तास, तेही मध्ये कुणी फोन उचलला नाही तर. घ्यायचं की नाही हे फोनचं बिल ठरवायचं. संगणक मासिकाच्या सीडीवरून तो पॅक गल्लीभर फिरायचा.

आता निवड आहे म्हणून निवडत बसतो, आणि ती नव्या मशीनवाल्यांचीच चैन आहे. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शाळांतून, दवाखान्यांतून, झेरॉक्सच्या दुकानांतून ती मशीनं अजून चालू आहेत. वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस १२ मे २०१७ ला पसरला, त्यावरची दुरुस्ती १४ मार्चलाच निघालेली होती. मधल्या एकोणसाठ दिवसांत ती ज्यांनी घेतली नव्हती, त्यांचं नुकसान झालं. विंडोज १० साठी घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-अपडेट मिळतात, पण त्यासाठी अपडेटच्याच पानावर ‘एनरोल नाऊ’ दाबून नाव नोंदवावं लागतं. या योजनेत प्रीव्ह्यू नाही, नव्या सोयी नाहीत. झेरॉक्सवाल्याला विचारून बघा, त्याने नाव नोंदवलंय का.